नावेला जाड, पायाला पातळ

त्या वर्षी बोलेतची आई दुसऱ्यांदा जन्माला आली, आणि बोलेतला तिला बघायला जाता येईना.

आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. म्हातारी साविना आप्पालिक बेटावर थोरल्या मुलीकडे, रेगीनकडे राहायची. बोलेत लग्न होऊन पलीकडच्या किनाऱ्यावर, इल्लुतोकला आलेली. मध्ये तीस किलोमीटरची सामुद्रधुनी. बोलेत लहान असताना हे अंतर कुणी अंतर म्हणून मोजतच नसे. नोव्हेंबरात पाणी धरायचं ते जूनपर्यंत हलायचं नाही. स्लेजगाडीला कुत्री जुंपली की चार-पाच तासांत माणूस बहिणीच्या दारात. लोक कॉफी प्यायला जायचे, भांडण झालं तर रुसून जायचे आणि राग गेला की परत यायचे. आता बर्फ धरता धरता फेब्रुवारी उजाडतो आणि एप्रिल संपायच्या आत तो सुटतो. मधल्या काळात समुद्र नुसता लापशीसारखा. नावेला जाड, पायाला पातळ.

साविनाने मे महिन्यात अंथरूण धरलं, तेव्हा समुद्राची अशीच लापशी झाली होती. बोलेत अकरा दिवस किनाऱ्यावर येरझारा घालत राहिली. बाराव्या दिवशी वाऱ्याने बर्फ बाहेर ढकलला आणि तिचा मुलगा टीटस तिला नावेतून घेऊन गेला, तेव्हा आईला दगडांखाली ठेवून तीन दिवस झाले होते. वर रेगीनच्या तोंडून एक गोष्ट निसटली. शेवटचे दोन दिवस आई दाराकडे बघून सारखी विचारत होती, "नुका आली का?" नुका म्हणजे धाकटी. बोलेतला घरात सगळे नुकाच म्हणायचे. सांगून टाकल्यावर रेगीनने जीभ चावली, पण ऐकलेलं काही परत जात नाही.

नोव्हेंबरात रेगीनच्या लेकीला, मालेनला, जिल्ह्याच्या इस्पितळात मुलगी झाली. घरात नुकतंच गेलेल्या माणसाचं नाव पहिल्या येणाऱ्या बाळाला द्यायचं, ही तिकडची रीत. नाव दिलं की ते माणूस परत आलं, आणि त्याची नातीही त्याच्याबरोबर परत आली. बाळाचं नाव साविना ठेवलं. म्हणजे मालेनच्या कडेवर आता तिची स्वतःची आजी होती, आणि रेगीन-बोलेत या साठी ओलांडलेल्या दोन बायकांची आई.

"आई काय करतेय?" बोलेत रोज संध्याकाळी फोनवर विचारायची.

"आई? दूध पिऊन पसरलीय. सकाळपासून तीनदा कपडे ओले केले तुझ्या आईने."

"माझ्या एकटीची आहे का? तुझीही आहे."

"कपडे धुताना तुझी," रेगीन म्हणायची. "झोपली की माझी."

मग ती फोन बाळाच्या तोंडाशी धरायची. बोलेत श्वास रोखून ऐकायची. कधी ऊं ऊं ऐकू यायचं, कधी नुसतं नाक वाजायचं. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा हात कानावरच असायचा.

डिसेंबरात तिने हेलिकॉप्टरने जाऊन बघितलं. इल्लुतोकहून जिल्ह्याच्या गावी आणि तिथून दुसऱ्या हेलिकॉप्टरने आप्पालिकला, असा द्राविडी प्राणायाम. जिल्ह्याच्या गावी नऊ दिवस धुकं हटलं नाही. नऊ दिवस ती मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली, आणि दहाव्या दिवशी हात हलवत घरी परत आली. पिशवीत सीलच्या कातड्याचे बोटभर लांबीचे बूट होते. कातडं मऊ व्हावं म्हणून ते तिने स्वतः दातांनी चावून काढलं होतं. आता दात पूर्वीचे राहिले नव्हते, आठवडाभर जबडा दुखला होता.

तेव्हापासून ती बर्फाची वाट बघत होती.

सकाळी मासळीच्या कारखान्यात कामाला जायच्या आधी ती पहार घेऊन किनाऱ्याखाली उतरायची आणि बर्फात घाव घालायची. जानेवारीत एका घावात पाणी. हिवाळ्याचा लांब काळोख संपून सूर्य परत आला त्या आठवड्यात दोन घावांत पाणी. एकदा तर दुधावर धरावी तशी धरलेली साय रात्रीच्या वाऱ्याने गोळा करून पार नेली. फेब्रुवारीच्या शेवटी थंडी कडाडली आणि हटली नाही. पाच घाव घातले तरी पहार कोरडी निघाली, त्या दिवशी बोलेत तशीच एनोकच्या घरी गेली.

एनोक एकाहत्तरचा. गावात पुरती चौदा कुत्री बाळगून असलेला तो शेवटचा माणूस. बाकीच्यांनी नावा घेतल्या होत्या, कुणी बर्फावरून पळायच्या मोटारी. एनोक कुत्र्यांना सीलचं मांस तोडून घालत होता.

"मला आप्पालिकला ने," बोलेत म्हणाली.

"मला ठाऊकच होतं. तुझी पहार रोज सकाळी माझी झोप मोडते." त्याने मान वर केली नाही. "बर्फ मला आणि कुत्र्यांना पुरेल. तुझ्या वजनाला अजून आठवडा लागेल."

"माझं वजन बघतोस! पंचेचाळीस वर्षांपूर्वी नाच असला की माझ्याच मागे मागे असायचास."

"तेव्हा बर्फही जाड होता," एनोक म्हणाला, आणि दोघंही हसली. मग तो गंभीर झाला. "बेटाचं टोक पाण्यात घुसलंय ना, त्या नाकाजवळ प्रवाह आहे. तिथलं मी काही सांगू शकत नाही. चार दिवस थांब. शुक्रवारी निघू."

बोलेत उडत घरी आली. फोन करून रेगीनला सांगितलं, "आईला सांग, शुक्रवारी येतेय."

मंगळवारी संध्याकाळी टीटस जेवायला आला. बोलेतने सीलचं सूप केलं होतं. तो बराच वेळ चमच्याने बटाटा इकडून तिकडे फिरवत राहिला.

"आई, गुरुवारी जहाज येतंय."

"कसलं जहाज?"

"मासळी न्यायला. बर्फ फोडत येणार आहे."

बोलेतचा हात पळीवरच राहिला. तिला जहाजाचं नवल नव्हतं. ती स्वतःच कारखान्यात हॅलिबट माशांची पोटं फाडायची, आणि शीतगृह छतापर्यंत भरलंय, पंधरा दिवस झाले नवी मासळी कुणी घेत नाही, पुरुषमाणसं घरात बसून एकमेकांची तोंडं बघतायत, हे सगळं तिला दिसत होतं. पण जहाज येणार म्हणजे सामुद्रधुनीच्या मधोमध चिरत येणार. इथला माल भरून आप्पालिकला जाणार, तिथला भरणार आणि बाहेर पडणार. स्लेजचा रस्ता आडवा-उभा फाटणार. एवढा उशिरा फुटलेला बर्फ पुन्हा नीट धरत नाही.

"कुणी बोलावलं?"

"सगळ्यांनी. पत्र लिहिलं होतं. मी सही केलीय."

"तुला ठाऊक होतं मी कशाची वाट बघतेय."

"होतं." टीटसने चमचा खाली ठेवला. "मी काय करायला हवं होतं, आई? एकट्याने नाही म्हणायचं? माझ्या शेजाऱ्याच्या घरात चार पोरं आहेत."

"एनोकला विचारलंत? त्याच्या कुत्र्यांचं काय?"

"एनोकचीही सही आहे."

हे ऐकून बोलेतच्या तोंडचं पाणीच पळालं. ती उठली, कोट चढवला आणि थेट एनोकच्या दारात गेली.

"हो, केली," एनोक म्हणाला. "मीही मासेच पकडतो, बोलेत. कुत्री हवा खाऊन ओढत नाहीत." तो थोडा वेळ बाहेर, काळोखात पसरलेल्या पांढऱ्या बर्फाकडे बघत राहिला. "उद्या सकाळी निघू. दोन दिवस आधी. तू तिथे राहशील, मी लगेच मागे फिरेन. पण परत कशी येशील? जूनपर्यंत अडकशील."

"अडकेन की. आईकडेच अडकणार ना?"

बुधवारी उजाडता उजाडता ते निघाले. कुत्री पंख्यासारखी पुढे पसरली होती. थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. पण बोलेतचं अंग हलकं झालं होतं. स्लेजच्या पट्ट्यांखाली बर्फ कुजबुजत होता, आणि तो आवाज तिला आईच्या आवाजाइतकाच जुना होता. एकोणिसाव्या वर्षी ती याच रस्त्याने उलट दिशेने आली होती, नवऱ्याच्या स्लेजवर बसून. साविना पहिल्या भेगेपर्यंत बरोबर चालत आली होती. तिथे थांबून तिने लेकीच्या टोपीची नाडी आवळली आणि म्हणाली होती, "रस्ता आहे तोवर रडू नकोस." बोलेतला तेव्हा ते निष्ठुर वाटलं होतं.

दुपार व्हायच्या आत आप्पालिकची घरं दिसू लागली. लाल, पिवळं, निळं, निळं रेगीनचं. बेटाच्या नाकाला वळसा घातला आणि पुढचा कुत्रा बसला. मग एकेक करत चौदाही बसली. एनोकने चाबूक उगारला नाही. तो उतरला, पहार घेऊन वीस पावलं पुढे गेला आणि एक घाव घातला. पहार मुठीपर्यंत आत गेली.

पुढे शंभरेक पावलांचा काळपट पट्टा होता. पाणीही नाही, बर्फही नाही. वर राखाडी साय आणि खाली प्रवाहाचं सावकाश श्वास घेणं. तो पट्टा बेटाला कंबरपट्ट्यासारखा विळखा घालून गेला होता. एनोक डावीकडे अर्धा तास चालून आला, उजवीकडे अर्धा तास. परत आल्यावर त्याने पहार स्लेजवर टाकली.

पलीकडे माणसं जमली. रेगीनच्या जावयाने छोटी होडी ढकलत आणून पट्ट्यात घातली. स्वतःच्या लांबीएवढी जाताच ती रुतली. वल्हं मारावं तर लापशीत रुतायचं, उतरावं तर माणूस बुडायचा. त्याने दोर ओढायला लावून होडी मागे घेतली आणि हात हलवून नाही म्हणाला.

मग रेगीन पुढे आली. तिच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बाळ होतं. ती कडेपर्यंत आली, तिने बाळाला काढलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. एवढ्या लांबून बोलेतला दिसलं ते फक्त फरचं एक गाठोडं आणि त्यात पोळीएवढा तांबूस चेहरा.

"आई!" बोलेत ओरडली. "आई, मी आले!"

थंडीत आवाज पाण्यावरून स्वच्छ जातो. पलीकडून रेगीनने सवयीने, फोनवर थट्टा करायची तशीच ओरडून सांगितलं, "आई म्हणते, उशीर केलास!"

काय बोलून गेले ते तिलाही लगेच कळलं. दोन्ही काठांवर कुणी हललं नाही.

मग बोलेत बोलली, गेल्या मे महिन्यापासून जे बोलायचं राहिलं होतं ते. "तिला सांग... तिला सांग, बर्फ फुटला होता! अकरा दिवस मी किनाऱ्यावर होते! सांग तिला!"

रेगीनने बाळाला खाली घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या तोंडाशी कान नेला. मग तिचा आवाज आला, चिरकलेला. "आई म्हणते, तिला ठाऊक आहे! तिनेही खिडकीतून बघितला होता बर्फ!"

त्याच वेळी बाळ रडलं. फोनमधून नाही, थेट. पातळ, रागीट, भुकेचं रडणं त्या काळ्या पट्ट्यावरून आलं आणि बोलेतच्या कानात शिरलं. चौदा कुत्र्यांनी एकदम माना वर केल्या.

"आत ने तिला!" बोलेत ओरडली. "गारठेल ती!"

परतताना एनोकने थर्मासमधली कॉफी पुढे केली. "रडायचं तर रड," तो म्हणाला, "पण डावीकडे तोंड करून. उजवीकडून वारा आहे, गाल गोठतील." तिने डावीकडे तोंड केलं.

गुरुवारी जहाज आलं. गावाने ते बघण्याआधी ऐकलं; लांबवर कुणी लाकडाची वखार पाडावी तसा कडकडाट. मग लाल नाक दिसलं, बर्फावर चढायचं, क्षणभर थांबायचं, आणि आपल्या वजनाने तो मोडत खाली बसायचं. मागे काळं पाणी वाफाळत होतं. धक्क्यावर सगळं गाव होतं. पुरुषांचे चेहरे कितीतरी दिवसांनी मोकळे झाले होते. बोलेत रबरी बूट आणि एप्रन घालून पेट्या सरकवत होती. ती कुणाशी बोलत नव्हती, पण हात थांबले नव्हते. या मासळीत तिच्या सुरीखालून गेलेली कितीतरी होती.

टीटस कप्तानाशी काहीतरी बोलताना तिला दिसला. कप्तान फेरो बेटांवरचा, लालबुंद मानेचा माणूस.

"अजून एक नग चढवायचाय आप्पालिकसाठी," टीटस त्याला सांगत होता.

"वजन किती?"

"ते विचारू नका, ती चिडते. बासष्ट वर्षांची आहे. माझी आई."

"मी प्रवासी घेत नाही."

"मग कामगार म्हणून घ्या. मासे साफ करते. आप्पालिकच्या कारखान्यात माणसं कमी आहेत."

"खरंच कमी आहेत?"

"ती पोचली की एकाची भर पडेल."

कप्तानाने मान खाजवली आणि दुसरीकडे बघितलं. टीटस पळतच आईकडे आला. "एप्रन काढ. पिशवी घेऊन ये. वीस मिनिटं आहेत."

बोलेत बघतच राहिली. "त्याच्यावर? माझा रस्ता फोडत तो जाणार आणि मी त्याच्याच पाठीवर बसून जाऊ?"

"रस्ता तसाही फुटणारच, आई. तू बसलीस तरी, नाही बसलीस तरी."

"आणि एनोक? लोक काय म्हणतील?"

"एनोकनेच मला सुचवलं," टीटस म्हणाला. मग खाली बघत, "म्हणजे, मलाही सुचलं होतं. पण त्याने आधी बोलून दाखवलं." तो तिच्या एप्रनची गाठ सोडायला लागला, आणि गाठ ओली असल्यामुळे त्याला ती सुटेना. बोलेतने त्याचे हात बाजूला केले आणि स्वतःच सोडली. लहानपणी तो असाच बुटांच्या नाड्यांशी झटायचा.

"जूनमध्ये मी न्यायला येईन," तो म्हणाला.

जहाज निघालं तेव्हा खलाशी तिला आत बोलवत होते, गरम खोलीत. ती गेली नाही. ती पुढे, नाकावर जाऊन कठडा धरून उभी राहिली. काल केलेल्या खुणा अजून होत्या: स्लेजच्या दोन सरळ रेघा आणि भोवती कुत्र्यांच्या पावलांचा सडा. जहाज नेमकं त्यांच्यावरूनच चाललं होतं, कारण तिथेच बर्फ सपाट होता. जहाज चढायचं, पायांखाली एक खोल कण्हणं उठायचं, मग फट पडायची आणि एक रेघ डावीकडच्या तुकड्यावर, दुसरी उजवीकडच्या. तुकडे उभे व्हायचे, त्यांची निळी पोटं दिसायची, आणि ते उलटे होऊन मागे जायचे.

तिला घाई होती. लवकर पोचू दे, लवकर. आणि प्रत्येक कडकडाटाला तिला वाटायचं, थांबा, जरा हळू. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि दोन्हीतलं काहीच कमी होईना. एका तरुण खलाशाने कॉफीचा मग आणून दिला. "बघण्यासारखं आहे, नाही?" तो म्हणाला.

"हो," बोलेत म्हणाली. "मी या रस्त्याने लग्न होऊन आले होते."

त्याने खाली पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

बेटाच्या नाकाजवळचा तो काळा पट्टा जहाजाला जाणवलाही नाही.

रेगीनने धक्क्यावरच बाळ तिच्या हातात दिलं. "घे. धर तुझ्या आईला. ओली आहे." बोलेतने हातमोजे दातांनी ओढून काढले. साविना हसली नाही, रडलीही नाही. काळ्याभोर डोळ्यांनी तिने समोरचा चेहरा नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितला, जशी म्हातारी साविना शिवण तपासताना बघायची. मग तिने बोलेतचं नाक धरलं आणि ओढलं. बोलेतने आपलं तोंड तिच्या मानेत घातलं आणि वास घेतला. दुधाचा, लोकरीचा. दुसराही कुठला तरी होता, पण तो आठवणीतला की खरा, हे तिला सांगता आलं नसतं.

बूट मात्र लहान झाले होते. चार महिन्यांत पाय मोठे झाले होते. रेगीन पोट धरून हसली. बोलेत त्याच संध्याकाळी नवे कापायला बसली.

मार्च गेला. बोलेत सकाळी आप्पालिकच्या कारखान्यात जायची आणि दुपारनंतर बाळाला पाठीवरच्या टोपीत घेऊन घरोघर कॉफी प्यायला फिरायची. जहाजाची वाट गोठली, पण खडबडीत, सुरीसारख्या कडांची. एप्रिलच्या सुरुवातीला एनोकचा फोन आला. तो शिकारीला निघाला होता, त्या कडांनी तीन कुत्र्यांचे पंजे फाडले. सहा कुत्री त्याने उत्तरेकडच्या एका शिकाऱ्याला देऊन टाकली. तिकडे अजून बर्फ असतो, असं ऐकिवात होतं.

"मग आता आठ राहिली," बोलेत म्हणाली.

"आठ पुष्कळ झाली. मीही हल्ली हळूच जातो." मग तो म्हणाला, "सकाळी तुझी पहार ऐकू येत नाही. उठायला उशीर होतो."

बोलेतने फोन बाळाच्या तोंडाशी धरला.

त्या दिवसापासून तिचं एक नवीनच सुरू झालं. बाळाला मांडीवर घेऊन ती निळ्या घराच्या खिडकीत बसायची आणि सामुद्रधुनीपलीकडे बघायची. स्वच्छ दिवशी इल्लुतोकमागचा डोंगर दिसायचा. आई मांडीवर होती, उबदार, जड, हाताच्या अंतरावर. तरी आतून कुणीतरी ओढतच होतं. टीटस, एनोक, अंगणातला मासे वाळवायचा मांडव. आणि त्याहून जास्त ते, जे कुठल्याच काठावर नव्हतं; दोन काठांच्या मध्ये होतं आणि आता फुटून उन्हात हळूहळू काळं पडत होतं.

"काय बघतेस?" रेगीन विचारायची.

"काही नाही."

"आईही अशीच बसायची इथे," रेगीन म्हणायची. "तिलाही विचारलं तर काही नाहीच म्हणायची." आणि ती बहिणीच्या शेजारी येऊन बसायची. मग बाळ जागं होईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत राहायच्या.